ठाणे खाडीत संशोधनाचा अर्ज करण्यापूर्वीची तयारी

ठाणे खाडी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अभयारण्यात काम करू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा आणि त्याखाली खाडीतून नेमके काय उचलावे लागणार आहे तेही लिहावे: निव्वळ नोंदी, पाणी, चिखल, की जिवंत प्राणी. परवानगी कोणती लागेल, निधी किती मागावा आणि हंगाम कोणता धरावा, हे सारे त्या दुसऱ्या ओळीवर ठरते. त्यानंतर नकाशावर आपली नमुना-स्थळे मांडावीत. २०१५ मध्ये घोषित झालेले अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टरांचे आहे, तर २०२२ मध्ये जाहीर झालेले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ६,५२१ हेक्टरांचे. त्यामुळे एकच खाडी म्हणून निवडलेली दोन ठिकाणे कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळी असू शकतात.

अभयारण्यात अभ्यासासाठी प्रवेश करण्याचा परवाना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मिळतो, आणि त्या कायद्याच्या अनुसूचीतील प्राणी पकडायचा असेल तर कलम १२ खालची स्वतंत्र परवानगी लागते. अर्जात पद्धती, स्थळांचे अक्षांश-रेखांश, सोबतच्या प्रत्येक सहायकाचे नाव आणि नमुन्यांची संख्या आकड्यांत द्यावी. माझ्या पहिल्या प्रकल्पात शीर्षक होते पक्षिगणनेचे आणि चिखलाचे नमुने मी फक्त पद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत उरकले होते. परवाना आला तो गणनेपुरताच, आणि दुसरा अर्ज मार्गी लागेपर्यंत रोहित निघून गेले होते. दोष सर्वस्वी माझा होता. ड्रोन वापरायचा विचार असेल तर त्याची परवानगी वेगळी काढावी लागते आणि मुंबईच्या विमानतळांची जवळीक पाहता ती मिळेलच असे धरून आराखडा करू नये. परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी आणखी एक बाब तपासावी: आयकर कायद्याप्रमाणे अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकालाही जैविक संसाधनांवर संशोधन करण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते.

निधीसाठी घराजवळचे दार म्हणजे राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान. व्यवस्थापनाला उपयोगी पडेल असा प्रश्न तिथे अधिक आस्थेने वाचला जातो, म्हणून प्रस्तावात आपल्या निष्कर्षाने वन विभागाच्या कांदळवन कक्षाचा कोणता निर्णय सोपा होईल ते स्पष्ट लिहावे. प्राध्यापकांना आणि नियमित संशोधकांना अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा मार्ग आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेने पूर्वीच्या एसईआरबीची (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची) जागा घेतली आहे, तेव्हा जुन्या योजनांची नावे तशीच उतरवून काढू नयेत. पीएचडीच्या विद्यार्थ्याला सीएसआयआर-यूजीसी किंवा इन्स्पायर अधिछात्रवृत्ती उपयोगी पडते, मात्र तिच्या रकमेत होडीचे भाडे बसवण्याचा हिशेब करू नये. परदेशी देणगी संस्थेच्या खात्यात घ्यायची असेल तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायद्याखालची) नोंदणी वैध आहे का, हे लेखा विभागाला आधीच विचारावे. अंदाजपत्रकात मानधन, उपकरणे, उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा वाटा हे शीर्ष वेगळे ठेवावेत. होडीचे दरपत्रक नावाड्याच्या सहीनिशी घ्यावे, कारण पुढे उपयोगिता प्रमाणपत्राच्या, म्हणजे निधी कसा खर्च झाला ते दाखवण्याच्या वेळी तोंडी ठरलेले भाडे कुणीही मान्य करत नाही.

वेळापत्रक मात्र खाडीकडून घ्यावे. रोहित साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत असतात, म्हणून परवान्याचा अर्ज पावसाळ्यापूर्वीच गेलेला बरा. भरतीची वेळ सरकारी तक्त्यांवरून पाहावीच, पण तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोळ्यांचा हिशेबही पाठ असावा: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या आसपास पाणी ओसरलेले असते. पण तो भांगाचा, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा दिवस असल्याने उधाणाइतका (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीइतका) चिखल उघडा पडत नाही. खाडीच्या टोकाकडे भरती मुंबई बंदरापेक्षा थोडी उशिरा पोहोचते, तो फरक पहिल्या दोन फेऱ्यांत स्वतः टिपून ठेवावा. चिखलात माणूस गुडघाभर रुतलेला असताना पाणी भरायला लागले, तर नमुन्याची पिशवी टाकून देण्याची तयारी हवी, हे सहायकांना बजावावे.

साहित्यात क्षारतामापक, ०.५ मिलिमीटर छिद्रांची चाळणी, नमुने टिकवायला फॉर्मेलिन आणि चिखलातले जीव ठळक दिसावेत म्हणून रोझ बेंगाल रंग, जाड पिशव्या यांची तजवीज करावी. चिठ्ठ्या शिसपेन्सिलीने लिहाव्यात आणि एक पिशवीच्या आत, एक बाहेर ठेवावी. बॉलपेनाची शाई फॉर्मेलिनमध्ये विरते आणि मग दिवसाचे काम निनावी होते. तिवराच्या श्वसनमुळांत गमबूट अडकतो, त्यापेक्षा घट्ट बांधलेले कॅनव्हासचे बूट बरे. नावाडी शक्यतो ऐरोली, भांडुप किंवा विटाव्याच्या कोळीवाड्यातला घ्यावा आणि त्याच्या जाळ्याच्या दिवसांशी आपले दिवस जुळवून घ्यावेत, कारण मासेमारी बुडवून तो येणार असेल तर भाडे त्या हिशेबानेच धरले पाहिजे. परवान्याची एक प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात होडीत ठेवावी, दुसरी सहायकाजवळ द्यावी, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी स्थानिक वनक्षेत्रपालांना दूरध्वनी करावा.