चार वाजले की डोकं धरायचं, ते कसं थांबलं

अंधेरीला घरूनच काम करतो. खिडकी पूर्वेची, म्हणजे दुपारी ऊन यायला नको, पण समोरच्या नवीन टॉवरच्या काचांवर आपटून ते परत आमच्याच हॉलमध्ये! माझी पाठ खिडकीकडे, त्यामुळे एक्सेलच्या डार्क शीटमध्ये आकडे कमी आणि माझा पांढरा बनियनच जास्त दिसायचा. मी काय करायचो, ब्राइटनेस फुल्ल. चार वाजले की भुवयांच्या मध्ये ठणका, डोळे चुरचुरायचे, बायको म्हणे चष्म्याचा नंबर वाढला असेल.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, नंबर तोच निघाला. ते म्हणाले झगझगाटात तुम्ही नकळत डोळे बारीक करून बसता, ते स्नायू दिवसभर आवळलेले राहतात आणि स्क्रीनकडे टक लावून पापण्याही कमी मिटतात म्हणून कोरडेपणा.

मग टेबल फिरवलं, खिडकी आता डाव्या हाताला, साधा जाड पडदा लावला, डोक्यामागची ट्यूबलाइट बंद. ब्राइटनेससाठी स्क्रीनशेजारी कोरा कागद धरला आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत कमी केला, पहिले दोन दिवस अंधारच वाटला खरं तर. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब बघायचं, ते मात्र निम्म्या वेळा विसरतो. आठवड्याभरात ठणका गेला. टॉवर आहे तिथेच आहे.