सांगलीच्या हळदीचं मराठी परत आलं, त्याची गोष्ट

सांगलीतल्या एका हळद अडत्याची साइट माझ्या गळ्यात पडली. वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) ३.१, म्हणजे २०११ चं. होस्टवाल्यांनी, म्हणजे साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांनी, पीएचपी ५ (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची जुनी आवृत्ती) बंद केलं आणि साइट पांढरीफटक. साहजिकच, मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स पीएचपी ७ मध्येच काढून टाकलीत. नवं वर्डप्रेस टाकलं, ताजी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल लिहिली. साइट उठली, पण 'राजापुरी हळद'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या रोमन 'ए'ची रांग! शेठ म्हणाले, "हे कुठल्या गावचं मराठी वो?"

दोन रात्री गेल्या. जुन्या कॉन्फिगमध्ये कॅरेक्टर सेटची, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीनं बाइट्समध्ये मांडायची ते सांगणारी, ओळच नव्हती. त्यामुळे यूटीएफ-८ चे (मराठी मावणाऱ्या पद्धतीचे) बाइट्स लॅटिन-१ (रोमन अक्षरांच्या) कॉलममध्ये वर्षानुवर्षं मुकाट पडून होते. नव्या फाइलीत ती ओळ होती, म्हणून डेटाबेसनं ते रोमन अक्षरं समजून दाखवले. कॉलम थेट यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) केला तर कचरा पक्का होतो (मी तेच केलं, बॅकअपनं अब्रू वाचवली). आधी लाँगब्लॉब (नुसत्या बाइट्सचा कॉलम) करायचा, मग यूटीएफ८एमबी४ चा लाँगटेक्स्ट (मजकुराचा कॉलम). ब्लॉबला अक्षरं कळतच नाहीत, म्हणून बाइट्स जसेच्या तसे राहतात. व्हारचारला, म्हणजे छोट्या मजकुराच्या कॉलमला, तसंच व्हारबायनरी.

हळद परत आली. शेठनी विचारलं एवढंच, "आता आजचा भाव टाकू का?"