ब्रेस्ट कॅन्सरसाठी घरच्या घरी छाती कशी तपासायची आणि डॉक्टरकडे कधी जायचं
पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात बघा, तेव्हा छाती जड नसते, आणि पाळी बंद झाली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून टाका. आधी आरशासमोर, हात खाली, मग कमरेवर, मग वर करून. कातडी कुठे आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसतेय का, निपल नव्याने आत वळलंय का, त्यातून रक्तासारखं पाणी येतंय का.

मग आडवं व्हा, उजवी बाजू बघताना उजवा हात डोक्याखाली, डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांची पेरं वापरायची, टोकं नाही, छोटे गोल फिरवत आधी हलकं मग जोरात दाबत गळ्याच्या हाडापासून छातीच्या खालपर्यंत जायचं, आणि काख अजिबात सोडू नका बायांनो! गाठ लागली किंवा वरचं काही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, डॉक्टरकडे जायचं, कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखतच नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते डॉक्टरनेच सांगायचं.

आणि एवढ्यावर भागत नाही हं. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर 5 वर्षांनी आरोग्य कर्मचाऱ्यांकडून हाताने छातीची तपासणी ठरलेली आहे, आशाताईंना विचारा. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या 20 वर्षांच्या अभ्यासात अशाच तपासणीने पन्नाशीपुढच्या बायकांचे ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी झाले. चाळिशीनंतर मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या खास एक्स-रेचं, डॉक्टरशी बोला, आई-बहिणीला झाला असेल तर त्याही आधी.