आमवातामुळे दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढताय? मेडिकल बोर्डापुढे जाण्याआधी या चुका टाळा

डॉक्टरांनी मावशीला विचारलं, "वेणी स्वतः घालता का?" मावशी म्हणाली, "घालते की." मी मागे उभा होतो. गेली तीन वर्षं तिची वेणी सून घालते, कारण हात खांद्याच्या वर जात नाही. पण परक्या माणसापुढे, त्यातून डॉक्टरसाहेबांपुढे, "जमत नाही" म्हणायला तिची जीभ रेटेना. शिवाय पहाटेच्या एसटीआधी दुखण्याची गोळी घेतलेली. बोर्डाचा नंबर लागला तेव्हा ती ताठ चालत आत गेली.

दिव्यांगत्व लागलं 34 टक्के. 40 च्या खाली म्हणजे पांढरं दिव्यांग कार्ड. निराधार योजनेच्या दरमहा पैशाला त्याचा उपयोग नाही.

त्यानंतर गावातल्या चार-पाच जणांसोबत मी या कामासाठी फिरलो. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: दुखतं किती हे सांगायला जातात, बोर्ड मोजतं ते हालतं किती.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यात संधिवात किंवा आमवात असा वेगळा प्रकार नाही. म्हणून ऑनलाइन अर्ज भरताना सेवा केंद्रातला मुलगा "आजाराचं नावच नाही यात" म्हणाला तर घाबरू नका. चलनवलनाचं दिव्यांगत्व, ज्याला आपण अस्थिव्यंग म्हणतो, तो प्रकार निवडायचा. चुकून दुसरा निवडला की तपासणीला भलत्याच विभागात जावं लागतं आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, एक्स-रेमध्ये झीज दिसते, हे सगळं दाखवायचंच. पण टक्के त्यावर लागत नाहीत. हाडांचे डॉक्टर प्लास्टिकच्या पट्टीसारखं एक साधन सांध्यावर धरतात आणि गुडघा, खांदा, कोपर किती वळतं तो कोन मोजतात. स्नायूंची ताकद बघतात. मग पायांसाठी: सपाट जागेवर चालणं, चढ, जिना, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. हातांसाठी: जेवणं, विंचरणं, वेणी, सदरा घालणं, बटणं, पाण्याचा तांब्या धरणं, लिहिणं. सरकारी मार्गदर्शक सूचनांतच या गोष्टी आहेत, म्हणजे वेणीचा प्रश्न डॉक्टरांनी गप्पांच्या ओघात विचारलेला नव्हता.

तेव्हा आदल्या दिवशी घरच्यांनी बसून खरं काय ते बघा. खुरपं किती वेळ धरता येतं? कापूस वेचताना वाकता येतं का? सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात? पलंगावरून उठायला आधार लागतो का? कागदावर लिहून न्या आणि सोबतच्या माणसाने मध्ये बोलायला लाजू नये. वाढवून सांगू नका. रोज बघणाऱ्या डॉक्टरांना लंगडण्याचं सोंग लगेच कळतं, आणि खोटेपणाने सवलत लाटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे त्याच कायद्यात आहे. कमी मात्र सांगू नका. आपल्या बायका तेच करतात.

याच्या उलट टोकाची चूकही होते. बोर्डाच्या आधी आठवडाभर औषधं बंद करायची, म्हणजे सूज दिसेल. असं मुळीच करू नका. आमवाताचं औषध बंद केलं की आजार उसळतो आणि सांध्याची झालेली हानी भरून येत नाही. बोर्डालाही उपचार केल्याचं दिसावं लागतं. सुधारण्याची शक्यता असेल तर सर्टिफिकेट ठरावीक मुदतीचं मिळतं किंवा उपचार घेऊन परत या म्हणतात. जुन्या चिठ्ठ्या फेकणारे लोक इथेच अडकतात. दुकानातून घेतलेल्या गोळ्यांची नोंद कुठेच नसते.

टक्क्यांच्या बेरजेवरूनही भांडणं होतात. एक हिशेब 30 आणि दुसरा 30 आला म्हणजे 60 होत नाही. ते सूत्राने जोडतात: मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले (90 वजा मोठा आकडा) भागिले 90, ही रक्कम मिळवायची. 30 आणि 30 चे होतात 50. डॉक्टरांनी कापले असं वाटतं, पण तसं नसतं.

40 किंवा जास्त आले तरी काम अर्धंच झालं. संजय गांधी निराधार योजनेसाठी वय 18 ते 65 आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 पर्यंत लागतं. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना दरमहा 2,500 रुपये लागू आहेत. 65 च्या पुढे श्रावणबाळ योजनेकडे वळायचं. अर्ज तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत. आधार, दिव्यांग कार्ड आणि बँक पासबुक यांच्यावरचं नाव एकच हवं. "शांताबाई" आणि "शांता" यापायी पैसे अडकलेले मी पाहिलेत. आधार खात्याला जोडलेलं आहे ना, तेही आधीच बघा. बोटं वाकडी झाली, ठसा उमटत नाही, तर डोळ्याच्या स्कॅनची सोय विचारा. एसटीत 75 टक्के सवलत मिळते, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. ग्रामसेवकाला विचारलं नाही तर तो स्वतःहून सांगेलच असं नाही.

टक्के कमी लागले असं मनापासून वाटत असेल तर कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं. त्याआधी सर्टिफिकेट नीट वाचा: कोणते सांधे धरले, कोणते राहिले? मावशीच्या बाबतीत खांदे आलेच नव्हते. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिला हात वर करायला सांगितलं. हात कानापर्यंतही गेला नाही. "वेणी?" त्यांनी विचारलं. मावशीने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघून म्हणाली, "सून घालते."