ऑटोपायलट लावल्यावर वैमानिकाला उरतं काय?

हात मोकळे होतात, डोळ्यांचं आणि तोंडाचं काम वाढतं. नवशिक्या वैमानिकाने किंवा घरी सिम्युलेटरवर बसणाऱ्याने हे आधीच मनात धरावं. टेकऑफ आजही हातानेच होतो. एअरबसच्या ए३२० या प्रवासी विमानात जमीन सुटल्यावर १०० फुटांपासून ऑटोपायलट लावता येतो. त्यानंतर विमान जे काही करतं, ते आपण भरलेल्या आकड्यांवरून.

म्हणून खरी सुरुवात पार्किंगमध्येच होते. दोन वैमानिकांपैकी एकाने मार्ग संगणकात भरायचा. दुसऱ्याने फ्लाइट प्लॅन हातात घेऊन एकेक बिंदू पुढे सरकवत दिशा आणि अंतर जुळवायचं. नुसती नावं वाचून भागत नाही, कारण एकाच नावाचे बिंदू जगात अनेक असतात. १९९५ साली कोलंबियातल्या कालीजवळ वैमानिकांनी ‘आर’ हे एकच अक्षर भरलं. संगणकाने जवळचं रोझो सोडून बोगोटाजवळचं रोमिओ निवडलं आणि विमान डोंगराकडे वळलं. दिशा आणि अंतर पाहिलं की अशी चूक लगेच डोळ्यांत भरते.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रकाने) उंची बदलायला सांगितली, की विमान चालवणारा उंचीचा खटका फिरवतो आणि दाबतो किंवा ओढतो. दुसरा रेडिओवर उत्तर देतो. (हाताने उडवत असाल तर खटकाही दुसऱ्यानेच फिरवायचा.) मग दोघांनीही खटक्याकडे न बघता समोरच्या पडद्याच्या वरच्या पट्टीकडे बघायचं. विमान कोणत्या मोडमध्ये आहे, म्हणजे ऑटोपायलट नेमकं काय सांभाळतोय, ते तिथे लिहिलेलं असतं. ते मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ‘चेक्ड’ म्हणायचं, आणि ठरलेल्या उंचीला हजार फूट उरले की पुन्हा आवाज द्यायचा. खटका आपल्याला काय हवं ते सांगतो, पट्टी विमानाने काय ऐकलं ते. या दोन्हींत फरक पडतो तिथेच अपघात होतात.

१९९२ साली फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एक ए३२० डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. तपासात सर्वांत संभाव्य कारण निघालं ते असं: ३.३ अंशांचा उतार द्यायचा होता, पण खटका उतरण्याच्या वेगाच्या मोडमध्ये होता. त्या खिडकीत ‘३३’ चा अर्थ मिनिटाला ३,३०० फूट. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोला बोइंग ७७७ उतरत असताना ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप बदलणारी यंत्रणा) ‘होल्ड’मध्ये गेला होता, म्हणजे तो वेग सांभाळतच नव्हता. हवा होता १३७ नॉट, पडला १०३ च्या आसपास. पट्टीवर ‘होल्ड’ लिहिलेलं होतं.

नेहमी होणारी साधी चूकही याच जातीची. ढग चुकवायला हेडिंग मोड (दिलेल्या दिशेने सरळ जाण्याचा) लावला आणि परत मार्गाला जोडायचं राहिलं, तर पुढचं वळण येतं नि विमान सरळ निघून जातं.

वर पोचल्यावर वैमानिक डुलक्या काढतात, अशी एक लाडकी समजूत आहे. प्रत्यक्षात तिथे ठरावीक अंतराने हिशेब चालतो. इंजिन सुरू करताना १८,००० किलो इंधन होतं आणि ६,२०० जळालं, तर टाक्यांत ११,८०० हवं. ११,३०० दिसलं तर ५०० किलो गेलं कुठे? मापक बिघडलं असेल, नाहीतर गळती असेल. गळतीची शक्यता संपेपर्यंत दोन्ही बाजूंचं इंधन जोडणारा क्रॉसफीड व्हॉल्व्ह उघडायचा नाही. २००१ साली अटलांटिकवर एका ए३३० मध्ये टाक्यांतला फरक पाहून तो उघडला गेला. चांगल्या टाकीतलं इंधनही गळक्या बाजूने वाहून गेलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. विमान तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं, ३०६ जण वाचले. याच्या जोडीने जवळचा कोणता विमानतळ उघडा आहे आणि तिथली हवा कशी आहे, हेही बघत राहायचं.

उतरायचं कधी हे संगणक सांगतो, पण डोक्यात दुसरा हिशेब हवाच. जितके हजार फूट उतरायचे त्याची तिप्पट नॉटिकल मैल: ३६,००० फुटांना १०८, शिवाय वेग कमी करायला दहाएक. शेवटच्या तीन अंशांच्या उतारावर जमिनीवरच्या वेगाची पाचपट, म्हणजे १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट.

आपोआप लँडिंग मुख्यतः धुक्यासाठी असतं, आणि त्यात काम उलट वाढतं. आडव्या वाऱ्याची मर्यादा बघावी लागते. स्वच्छ हवेत सराव म्हणून करायचं असेल तर टॉवरला आधी सांगायचं, कारण एरवी धावपट्टीजवळचं वाहन किंवा विमान आयएलएसचा (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा) किरण वाकवू शकतं आणि विमान तो वाकडा किरणच इमाने इतबारे पकडतं.

शेवटी ऑटोपायलट सुटण्याची तयारी. २००९ साली अटलांटिकवर एअर फ्रान्स ४४७ च्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. विमानाचं नाक वर ओढलं गेलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि २२८ जण गेले. समतल उड्डाणात स्थिरावलात की नाकाचा कोन आणि इंजिनाचा एन१ (पुढच्या पंख्याच्या फिरण्याचा वेग) किती आहे ते बघून ठेवा. वेगाचे आकडे गेले की ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे न्यावं ते पडद्यावर दाखवणाऱ्या रेषा) आणि ऑटोथ्रॉटल बंद करून चेकलिस्टप्रमाणे कोन व ताकद लावायची. मघाशी बघून ठेवलेले आकडे तेव्हा ताडून बघायला हाताशी असतात.