गावात जुनी लक्झरी गाडी सांभाळताना: आधी निदान, मग पाना

पंधरा वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू थ्री सिरीज किंवा ऑडी ए-फोर आज नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते, कधी त्याहूनही स्वस्तात. त्यामुळे वणी, पुसद, हिंगणघाटकडच्या अंगणांतही त्या दिसू लागल्या आहेत. अडचण घेतल्यानंतर सुरू होते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपूरला, आणि तालुक्याच्या मिस्त्रीचा हात बोलेरो-स्विफ्टवर बसलेला. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत जायचं, नाहीतर गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवायची, असे दोनच मार्ग लोकांना दिसतात. तिसरा मार्ग आहे. आपल्याकडे या गाड्यांना त्रास होतो तो मुख्यतः ऊन, धूळ आणि नुसतं उभं राहणं या तीन गोष्टींचा. यातलं बरंचसं निदान घरच्या अंगणात होतं आणि निम्म्याहून जास्त दुरुस्तीही.

आधी जमवायचं सामान

एक चांगला मल्टिमीटर, गोटी पान्यांचा संच (त्यात टॉर्क्सच्या, म्हणजे स्टारच्या गोट्या हव्यातच, कारण जर्मन गाड्यांत असे बोल्ट ठिकठिकाणी असतात), टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा), दोन जॅक स्टँड आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर. स्कॅनर घेताना काटकसर करू नका. मोबाईलला जोडायचा स्वस्त ओबीडी डोंगल फक्त इंजिनाचे सर्वसाधारण कोड दाखवतो. गिअरबॉक्स, एबीएस, एअर सस्पेन्शन यांचे कोड वाचायला तुमच्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा वेगळा स्कॅनर लागतो. दोन-तीन जणांत मिळून घेतला तरी चालतो.

काळ्या मातीवर जॅक लावू नका. वरून घट्ट दिसते, पण वजन आलं की जॅक तिरपा होत खाली जातो. शहाबादी फरशी किंवा जाड लाकडी पाट खाली टाका, आणि स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

गाडी गरम होते

विदर्भात जुन्या गाडीचं आयुष्य कूलिंगवर ठरतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यावर डांबराची धग आणि इंजिनाची स्वतःची उष्णता. अशा वेळी रेडिएटर थोडा जरी कमी पडला तरी काटा वर सरकतो.

गाडी नेमकी कधी गरम होते ते आधी बघा. बाजारातून हळू जाताना काटा चढतो आणि रस्त्याला लागल्यावर उतरतो, म्हणजे हवा कमी पडते: पंखा नीट चालत नाही किंवा जाळी बाहेरून भरली आहे. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात काटा चढतो, म्हणजे पाणी कमी पडतं: रेडिएटर आतून चोंदला आहे, वॉटर पंप थकला आहे किंवा कूलंटची पातळी खाली गेली आहे. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धा शोध संपतो.

पंख्याची परीक्षा सोपी. इंजिन चालू करून एसी लावा. काही वेळात पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, मग प्लग, मग पंख्याचा कंट्रोल मॉड्यूल, या क्रमाने तपासा. बोटं मात्र लांब. या गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

पंखा ठीक असेल तर जाळीकडे या. समोर एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, आणि टर्बो गाडी असेल तर इंटरकूलरही तिथेच जवळ असतो. समोरून टॉर्च मारली तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि आपण फसतो. घाण असते मधल्या फटीत. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेली रुई रस्त्यावर तरंगत असते. ती ग्रिलमधून आत जाते, दोन जाळ्यांच्या मध्ये अडकते, तिच्यावर धूळ बसते आणि किड्यांचा थर चढतो. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून मधल्या फटीत टॉर्च मारा. करड्या नमद्यासारखा थर दिसला तर गाडी का तापते ते कळलंच. बोटाच्या चिमटीत धरून ओढला की त्याचा अखंड पट्टा निघतो, आणि त्यात सरकीचा एखादा तुकडाही सापडतो.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर ॲल्युमिनियमच्या पात्या वाकतील. त्यापेक्षा पाठीवरचा फवारणी पंप उत्तम. फक्त तो औषधाचा नको, पाण्यासाठी वेगळा ठेवा. इंजिन पूर्ण थंड हवं, आणि पंख्याची मोटर व प्लग प्लास्टिकने झाकलेले हवेत. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा हे केलं की उन्हाळ्याची काळजी बरीच कमी होते.

आता कूलंट. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर मुळीच नाही. त्यातले क्षार ॲल्युमिनियम खातात आणि बारीक नळ्यांत खपली धरतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट कॉन्सन्ट्रेट निम्मं-निम्मं मिसळा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि गंज थांबतो, आपल्याला त्याचा उपयोग यासाठी आहे. रंग बघून कूलंट घेऊ नका, डब्यावरचा मंजुरी क्रमांक बघा. जुन्या मर्सिडीजला ३२५.०, त्या काळच्या बीएमडब्ल्यूला जी-४८ जातीचं, ऑडी-स्कोडाला जी-१२ च्या पुढचं. रस्त्यात अडचण आलीच तर आरओचं पाणी घालून घरी या आणि नंतर पूर्ण बदला.

पडलेलं किंवा काढलेलं जुनं कूलंट नालीत सोडू नका, उघड्या टोपल्यातही ठेवू नका. ते गोड लागतं, आणि कुत्री, शेळ्या, वासरं ते पितात. थोडंसंही विषारी ठरतं. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

एक्सपान्शन टँकची प्लास्टिक टाकी पिवळी पडून तिच्यावर बारीक चिरा दिसत असतील तर फुटायची वाट बघू नका. टाकी, झाकण आणि थर्मोस्टॅट एकाच वेळी बदलून घ्या. कूलंट कमी होतं पण गळती कुठेच नाही, किंवा सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर टाकीत बुडबुडे येतात, असं असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची शंका घ्या आणि गाडी चालवू नका. गाडी टोचन करून नेण्याचा खर्च हेड प्लेन करण्यापेक्षा केव्हाही कमी.

काटा वर गेलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली, आणि गाडी बाजूला. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका.

उन्हात बंद पडते, थंड झाली की सुरू होते

कळंबजवळ एका ओळखीच्या काकांची ई-क्लास भर दुपारी बंद पडली. सेल्फ छान फिरतो, इंजिन धरत नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू. एका गॅरेजवाल्याने डिझेल पंप बदलायला सांगितला होता. मी विचारलं, "काका, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलते का?" ते म्हणाले, "नाही बाप्पा, शून्यावरच राहते." बिघाड क्रँकशाफ्ट सेन्सरचा, म्हणजे इंजिन किती फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरचा निघाला.

हा सेन्सर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, सगळ्यात जास्त उष्णतेत बसलेला असतो. जुना झाला की आतली तार तापून तुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. गाडी बंद पडल्यावर ओला दुपट्टा सेन्सरवर दाबून धरला आणि पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू झाली, तर निदान जवळजवळ पक्कं. स्कॅनरवर पी०३३५ आला तर आणखी बळकटी. पण हा कोड कित्येकदा नोंदवलाच जात नाही, तेव्हा कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष समजू नका. बहुतेक मर्सिडीजमध्ये तो एका बोल्टवर असतो, ई-८ मापाच्या स्टार गोटीने निघतो. हात पोचायला थोडी कसरत होते एवढंच. चांगल्या कंपनीचा घ्या, कारण स्वस्त नकलीचा सिग्नल कमजोर असतो आणि तक्रार परत येते.

बॅटरी बसते

गावातली लक्झरी गाडी बहुधा लग्नाकार्याला आणि नागपूरला निघते. एरवी उभीच. या गाड्यांत कॉम्प्युटर पुष्कळ, आणि बॅटरी कमजोर झाली की ते भलभलते इशारे देतात: एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स, सगळे दिवे एकदम. असे दिवे लागले की कुठलाही पार्ट मागवण्याआधी बॅटरी मोजा.

रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.२ च्या खाली अर्ध्याहून कमी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी संपत आली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नाही दिसले तर अल्टरनेटर बघा.

नवी बॅटरीही दोन-चार दिवसांत बसत असेल तर कुठेतरी करंट खातो आहे. मीटर दहा अँपिअरच्या खाचेवर ठेवा. निगेटिव्ह केबल सोडवा आणि ती केबल व बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये मीटर जोडा. बॅटरी बऱ्याचदा डिक्कीत असते, म्हणून डिक्की उघडी ठेवून तिचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत लोटा, म्हणजे गाडीला डिक्की लागली असं वाटतं. किल्ली घरात दूर ठेवा. मग अर्धा-पाऊण तास थांबा, कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. घाईत मोजलेला आकडा निरुपयोगी. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलीअँपिअरच्या खाली असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धपकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा जीपीएस ट्रॅकर हा नेहमीचा संशयित.

बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर ती स्कॅनरने गाडीत नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबाने होत राहतं. आणि डिक्कीत बॅटरी असलेल्या गाडीची लोखंडी किल्ली रिमोटमधून काढून एकदा डिक्कीला चालवून बघा. बॅटरी पूर्ण बसल्यावर आत जायची वाट तेवढीच उरते, आणि न वापरलेलं कुलूप धुळीने जाम झालेलं असतं.

मृग लागायच्या आधी

पुढच्या काचेखालच्या काळ्या जाळीत कडुनिंबाची पानं साठतात आणि पाणी बाहेर सोडणारी छिद्रं बुजतात. पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी फ्यूजबॉक्सकडे किंवा पायाखालच्या गालिच्यात उतरतं, आणि तिथेच महागडे कॉम्प्युटर असतात. पानं हाताने काढा, तांब्याभर पाणी हळू ओता, आणि ते पुढच्या चाकामागून खाली पडतं का बघा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही अशाच तपासा. चोंदल्या असतील तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलकेच आत सारा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी आतल्या आत निसटते आणि पाणी छतातून गळायला लागतं.

सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर घराकडे वळतात आणि बोनेटखालची ऊब त्यांना आवडते. गाडी कुटाराच्या ढिगाजवळ किंवा पोत्यांच्या खोलीला लागून उभी करू नका. दर दोन-तीन दिवसांनी बोनेट उघडून बघा. रात्री बोनेट उघडं ठेवल्यानेही फरक पडतो. विष ठेवलंत तर उंदीर एसीच्या नळीत मरेल आणि वास महिनाभर जाणार नाही. वायरिंगवर डिझेल शिंपडायचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो ऐकू नका. रबर फुगतं आणि आगीचा धोका राहतो.

तेलं आणि टायर

इंजिन ऑइल किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला बदला. मर्सिडीजला डब्यावर २२९.५, आणि डिझेल गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर २२९.५१ लिहिलेलं हवं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल शोषून घेतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं हे खरं मानू नका, साठ हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदला. मर्सिडीजचा पाच गिअरचा जुना बॉक्स सेकंड गिअरमध्येच अडकत असेल, तर बॉक्स उतरवायला निघण्याआधी त्याच्या बाजूचा गोल वायरिंग प्लग बघा. त्याची रिंग गळते आणि ऑइल वायरमधून चढत थेट कॉम्प्युटरपर्यंत जातं. ती रिंग अगदी स्वस्त आहे.

टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि काँक्रीट तापलेलं असतं. सहा वर्षांपुढचे टायर घेऊन तिथे चढू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या किंवा पेट्रोल झाकणामागच्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे भरा.

जिथे हात घालायचा नाही

एअरबॅग, एसीचा गॅस, एअर सस्पेन्शनचे फुगे, आणि चालू डिझेल इंजिनाची हाय प्रेशर लाईन. कॉमन रेलमध्ये हजार बारहून जास्त दाब असतो, बारीक फवाराही कातडी भेदून आत जातो. २००२ ते २००६ मधल्या ई-क्लासमध्ये एसबीसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारे ब्रेक आहेत. नुसतं दार उघडलं तरी पंप स्वतःहून दाब भरतो, म्हणून स्कॅनरने सिस्टिम बंद केल्याशिवाय ब्रेक पॅडलाही हात लावू नका. हे काम नागपूरला.

जाताना मात्र तुमचं निदान कागदावर लिहून न्या: तक्रार कधी येते, कोणते कोड, किती व्होल्ट, काय तपासून झालं. पार्ट मागवायचा असेल तर गाडीचं नाव आणि वर्ष पुरत नाही, आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर द्या. एकाच वर्षीच्या दोन ई-क्लासना वेगवेगळा सेन्सर लागू शकतो, आणि कुरियरने आलेला चुकीचा पार्ट परत पाठवण्यात आठवडा जातो.