हळदीचं पान गुगलवर वर आणायचं तर

सांगलीच्या पेठेतले हळद व्यापारी आणि तासगावचे बेदाणेवाले यांच्या वेबसाइटसाठी मी मजकूर लिहिते. बहुतेकांची पहिली मागणी एकच असते: "उत्तम दर्जा, योग्य दर, असं टाका." मी ते टाकत नाही. असलं वाक्य शोधायला कुणी गुगलवर जात नाही.

लिहायला बसण्याआधी गुगलवर "सांगली हळद" एवढंच टाइप करा आणि खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवून घ्या. बरेच लोक मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेव्हा तसंही शोधून बघा. त्याहून मोलाचा माल दुकानाच्या फोनवर असतो. फोन घेणाऱ्या माणसाला विचारा, गिऱ्हाईक काय काय विचारतं? राजापुरी आणि सेलममध्ये फरक काय, हळकुंड दळून मिळेल का, वर्षभर टिकवायची कशी. यातल्या ज्या प्रश्नाला सविस्तर उत्तर आहे, त्याचं स्वतंत्र पान करा.

समजा प्रश्न आहे, चांगलं हळकुंड कसं ओळखायचं. मग शीर्षकातही तेच हवं: "चांगलं हळकुंड कसं ओळखावं: सांगलीच्या राजापुरी हळदीची पारख". नुसतं "मुखपृष्ठ" किंवा दुकानाचं नाव नको, कारण शोधणाऱ्याला निकालात आधी शीर्षकच दिसतं. उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या: हळकुंड हातानं मोडून बघा, नीट वाळलेलं असेल तर ताडकन मोडतं आणि आतून एकसारखं पिवळं-केशरी दिसतं. मग खाली शिजवणं, वाळवणं, पॉलिश असं एकेक येऊ द्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही इथेच सांगा. हरिपूरच्या पेवाचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचा, फोटो असेल तर त्याच्या पर्यायी मजकुरात (फोटोसोबत कोडमध्ये द्यायचं वर्णन, alt text) "हरिपूर येथील हळद साठवण्याचं पेव" असं लिहा. "फोटो १" लिहून काही कळत नाही.

"सांगली हळद, सांगली हळद" असा जप करू नका. मेटा कीवर्ड टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये न दिसणारी शब्दांची यादी, निकालांच्या क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी त्याचे पैसे लावणारे आजही भेटतात, देऊ नका.

मराठी पानांचं खरं नुकसान फॉन्टमध्ये होतं, आणि त्याकडे कुणी बघत नाही याची मला फार हळहळ वाटते. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर येतो, नाहीतर अख्खं पत्रक चित्र म्हणून चिकटवलं जातं; मग त्यातले शब्द गुगलला नीट वाचता येत नाहीत. तपासायला सोपं आहे: पान उघडा, Ctrl+F दाबून पानातच शोधायच्या पेटीत युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप करतो तेच) "हळद" टाइप करा. डोळ्यांसमोर शब्द असूनही सापडला नाही, तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या.

रोजच्या दराचं पान रोज कुणी भरणार असेल तरच काढा, आणि दराशेजारी तारीख घाला.

पान चढवल्यावर गुगलचं सर्च कन्सोल हे साधन वेबसाइटला जोडा, ते फुकट आहे. लोकांनी काय शोधल्यावर तुमचं पान दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, हे तिथे कळतं. पुष्कळदा दिसूनही कुणी उघडत नसेल तर आधी शीर्षक बदला. बदलाचा परिणाम दिसायला कधीकधी काही महिने लागतात. नवी हळद साधारण जानेवारी-फेब्रुवारीत यार्डात यायला लागते, म्हणून हंगामाची पानं मी दिवाळीच्या आधीच लिहून चढवते.